मॉडेल नंबर एकच, आतली चिप वेगळी: ठाण्यातल्या एका हॉलसाठी एव्हीआर निवडताना

ठाण्यातल्या माझ्या एका मित्राला डेनॉनचा एव्हीआर-एक्स३७००एच घ्यायचा होता (एव्हीआर म्हणजे होम थिएटरच्या सगळ्या स्पीकरना आवाज देणारा डबा), आणि समोर त्याच मॉडेलचे दोन पीस होते. एक सेकंडहँड, २०२० मधला अगदी सुरुवातीच्या लॉटचा. दुसरा दुकानात राहिलेला सीलपॅक, २०२१ च्या उत्तरार्धात बनलेला. सेकंडहँडवाला जवळजवळ नव्याच्याच भावाला अडून बसलेला आणि त्याचं म्हणणं एकच, यात ओरिजिनल एकेएम कंपनीचा डॅक (डिजिटल सिग्नलचा ॲनालॉग करणारी चिप) आहे, नव्यात टीआय म्हणजे टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा स्वस्त डॅक टाकलाय, मोजमापाचे आकडे बघा आणि मग बोला. मित्राने आकडे बघितले, ग्राफ बघितले, आणि रात्री मला मेसेज टाकला, "अरे चौदा डीबीचा फरक आहे, जुनाच उचलू ना?" (डीबी म्हणजे डेसिबल, सिग्नलची किंवा आवाजाची पातळी मोजायचं एकक.)

हे प्रकरण सविस्तर लिहितोय कारण एव्हीआरच्या मोजमापाबद्दल जे जे प्रश्न लोक विचारतात ते सगळे या एका सौद्यात आले. आकडा खरा आहे का, कुठे मोजलाय, किती व्होल्टवर, आणि तो आपल्या सोफ्यापर्यंत पोचतो का.

आधी हा चिपचा प्रकार काय ते सांगतो. २० ऑक्टोबर २०२० ला जपानमध्ये मियाझाकी प्रांतातल्या नोबेओका इथे असाही कासेई मायक्रोडिव्हायसेस म्हणजे एकेएमच्या चिप फॅक्टरीला आग लागली, ती विझायलाच काही दिवस गेले, आणि जगभरच्या ऑडिओ कंपन्यांचा डॅक चिपचा पुरवठा एका फटक्यात आटला. साठा संपला तसं ज्याला जी चिप मिळाली तिच्याभोवती बोर्ड नव्याने बसवावे लागले. एक्स३७००एच मध्ये सुरुवातीला एकेएमची एके४४५८ होती, एका चिपमध्ये आठ चॅनल. नंतरच्या पीसमध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची पीसीएम५१०२ए आली, ती दोन चॅनलची, म्हणून तशा अनेक लागतात. मॉडेल नंबर तोच, रिमोट तोच, मेनू तोच, बाहेरून बघून काही कळत नाही. त्यामुळे एखाद्या मॉडेलचं मोजमाप वाचताना तो पीस कधीचा होता हे बघणं आलंच, नाहीतर आपण एका मशीनचे आकडे वाचून दुसरं मशीन घरी आणतो.

आता चौदा डीबी कुठून आले. दोन्ही चिपच्या डेटाशीटमध्ये डिस्टॉर्शनचा, म्हणजे चिपने सिग्नलमध्ये स्वतः केलेल्या बिघाडाचा, आकडा असतो, जितका जास्त उणे तितका चांगला. एके४४५८ चा उणे १०७ डीबी, पीसीएम५१०२ए चा उणे ९३ डीबी. वजाबाकी चौदा. डायनॅमिक रेंज (सगळ्यात मोठा सिग्नल आणि नॉइज यांतलं अंतर) मात्र ११५ विरुद्ध ११२, म्हणजे नॉइजच्या बाबतीत दोघी जवळजवळ शेजारी शेजारी आहेत, फरक आहे तो डिस्टॉर्शनमध्ये, आणि तोही फुल स्केल, म्हणजे चिपला झेपेल त्या सगळ्यात मोठ्या सिग्नलवर. टक्केवारीत सांगायचं तर उणे १०७ म्हणजे ०.०००४५ टक्के आणि उणे ९३ म्हणजे ०.००२२ टक्के. आकडा पाचपट मोठा आहे हे खरंच, पण पाचपट कशाच्या ते बघायला हवं.

आणि ही चिपची डेटाशीट आहे, एव्हीआरची नाही. डॅकमधून निघालेला सिग्नल पुढे बफर ऑपॲम्पमधून, मग व्हॉल्यूम कंट्रोलच्या चिपमधून, मग प्री-आउटच्या (बाहेरच्या ॲम्पला सिग्नल द्यायच्या) सॉकेटकडे किंवा आतल्या पॉवर ॲम्पकडे जातो, आणि त्याच डब्यात मोठा ट्रान्सफॉर्मर, एचडीएमआयचा गोंगाटी डिजिटल बोर्ड, वायफाय, सगळं खेटून बसलेलं असतं. प्रत्येक टप्प्यावर थोडी घाण मिसळते. त्यामुळे डॅक बदलल्याचा पूर्ण चौदा डीबीचा फरक मागच्या सॉकेटवर तसाच्या तसा मिळेल असं धरून चालू नये. सौद्यात लोक नेमकं हेच करतात, चिपचा आकडा सांगतात आणि डब्याची किंमत लावतात.

नेटवर जो आकडा सगळ्यात जास्त फिरतो तो सिनॅड. ऑडिओ प्रिसिजनसारख्या ॲनलायझरवर १ किलोहर्ट्झचा एक शुद्ध टोन एव्हीआरला द्यायचा, आउटपुटमध्ये त्या टोनशिवाय जे काही आलं, नॉइज आणि डिस्टॉर्शन मिळून, ते मूळ टोनच्या किती डीबी खाली आहे ते बघायचं. ८० डीबी म्हणजे ०.०१ टक्के, १०० डीबी म्हणजे ०.००१ टक्के. १६ बिटची सैद्धांतिक मर्यादा ९८ डीबी, म्हणून त्याच्या वर गेलं की लोक खूश होतात. इंजिनिअरिंग नीट केलंय का हे ताडायला मला हा आकडा मनापासून आवडतो, कारण १०० डीबीच्या वर देणारा छोटा डेस्कटॉप डॅक काही हजारांत मिळत असताना लाखभराच्या प्रोसेसरने (म्हणजे पॉवर ॲम्प नसलेल्या एव्हीआरने) ८५ वर लटकणं हे कारागिरीचं लक्षण नाही, आणि कंपन्यांवर हा दबाव राहिलाच पाहिजे. पण हा एका फ्रिक्वेन्सीवरचा आणि एका लेव्हलवरचा आकडा आहे. लेव्हल बदलली की आकडा बदलतो. व्हॉल्यूम कमी केला तर सिग्नल खाली येतो, पण व्हॉल्यूम चिपच्या पुढचा नॉइज तिथेच राहतो, म्हणून २ व्होल्टवर झळकणारा एव्हीआर ०.२ व्होल्टवर बराच खाली आलेला दिसतो, आणि हे चांगल्या चांगल्या मशीनचं होतं. म्हणून मी कुठलाही रिव्ह्यू उघडला की आधी लेव्हलप्रमाणे डिस्टॉर्शन कसं बदलतं तो वक्र शोधतो, मग मल्टिटोन (एकदम अनेक टोन देऊन केलेली चाचणी), मग ४ ओहमवरची पॉवर, आणि सिनॅडचा तक्ता सगळ्यात शेवटी.

आता तो ०.२ व्होल्ट मी उगाच नाही घेतला. मित्राच्या हॉलचं गणित मांडतो, कारण खरा निर्णय तिथे झाला.

हॉल साधारण १७ फूट बाय ११ फूट, म्हणजे ५.२ मीटर बाय ३.३५ मीटर, उंची २.८५ मीटरच्या आसपास. सोफा मागच्या भिंतीला, पुढचे स्पीकर ३ मीटरवर. स्पीकरची सेन्सिटिव्हिटी ८६ डीबी, म्हणजे २.८३ व्होल्ट दिले की एक मीटरवर ८६. तीन मीटरवर येईपर्यंत साडेनऊ डीबी कमी होतात, खोलीच्या भिंती साधारण तीन परत देतात, म्हणजे सोफ्यावर ७९.५. थिएटरचा रेफरन्स लेव्हल धरला तर प्रत्येक मुख्य चॅनलचं शिखर १०५ डीबीला असतं, तेव्हा मास्टर व्हॉल्यूम शून्यावर. पण ठाण्याच्या सोसायटीत शून्यावर कोण ऐकतंय? मित्राच्या घरी रात्री उणे २० च्या वर जात नाहीत, वहिनी पोरांना झोपवत असतील तर उणे २८. उणे २० ला शिखर ८५ डीबी. ७९.५ वरून ८५ ला जायला साडेपाच डीबी हवेत, म्हणजे ८ ओहमवर साडेतीन वॉट. साडेतीन! रविवारी दुपारी पाहुणे आले आणि उणे १० ला लावलं तर ३५ वॉट. आणि खरोखर शून्यावर नेलं तर साडेतीनशे वॉट, जे या एव्हीआरकडे नाहीत आणि त्याच्या दुप्पट किंमतीच्या एव्हीआरकडेही नाहीत.

हेच व्होल्टेजमध्ये फिरवू. उणे २० ला स्पीकरवर शिखरावर ५.३ व्होल्ट. एव्हीआरच्या पॉवर ॲम्पचा गेन (तो सिग्नल किती वाढवतो ते) बहुतेक २८-२९ डीबी असतो, म्हणजे साधारण २८ पट. ५.३ ला २८ ने भागा, ०.१९ व्होल्ट. म्हणजे या घरात ॲम्पच्या तोंडाशी येणारा सिग्नल सिनेमाच्या सगळ्यात मोठ्या स्फोटालाही ०.२ व्होल्टच्या आत, आणि नेटवरची भांडणं चाललीयत २ व्होल्टच्या आकड्यावर.

याच गणितात एक्स३७००एचची दुसरी गाजलेली गोष्ट पण सुटते, प्री-ॲम्प मोडची. त्याच्या जाहिरातीत १०५ वॉट आहेत, ८ ओहम, दोन चॅनल चालू. १०५ वॉट म्हणजे ८ ओहमवर २९ व्होल्ट. २९ भागिले २८, म्हणजे प्री-आउटला जेमतेम १ व्होल्ट आला की आतला ॲम्प त्याच्या मर्यादेला पोचला. लोड म्हणजे स्पीकर जोडलेला नसेल तर थोडा वर जातो, पण दीड व्होल्टच्या आत क्लिप होतो (सिग्नलचं शिखर कापलं जातं) हे नक्की धरा. आता तुम्ही बाहेरचा पॉवर ॲम्प लावलाय, आतल्या ॲम्पला स्पीकरच नाही, तरी तो आत त्याच सिग्नलवर चालू आहे आणि क्लिप होतोय, आणि त्या क्लिपिंगची घाण त्याच पॉवर सप्लायमधून आणि ग्राउंडमधून प्री-आउटमध्ये उतरते. म्हणून अनेक एव्हीआरच्या प्री-आउटचा ग्राफ सव्वा-दीड व्होल्टपर्यंत छान खाली खाली येतो आणि मग अचानक भिंतीसारखा वर चढतो. एक्स३७००एच मध्ये सेटअप, स्पीकर्स, मॅन्युअल सेटअप, ॲम्प असाइन इथे जाऊन प्रीॲम्प्लिफायर निवडलं की आतले सगळे ॲम्प सुटे होतात आणि ती भिंत पुढे सरकते, डॅक स्टेजला जमेल तितके व्होल्ट स्वच्छ मिळतात. २६ डीबी गेनचा, म्हणजे २० पटीचा बाहेरचा ॲम्प असेल तर त्याला २ व्होल्ट दिले की ४० व्होल्ट निघतात, ८ ओहमवर २०० वॉट, तेव्हा ही सोय सोन्यासारखी आहे. या किंमतीच्या एव्हीआरमध्ये हे दिलं याचं मला आजही कौतुक आहे. पण मित्राकडे बाहेरचा ॲम्प नाही आणि उणे १० ला सुद्धा त्याची गरज ०.६ व्होल्टची. म्हणजे तूर्तास तरी हा फायदा कागदावरच, दोन्ही पीसमध्ये सारखाच असला तरी.

आता चौदा डीबीकडे परत. उणे २० ला सोफ्यावरचं शिखर ८५ डीबी. टीआयच्या चिपचं डिस्टॉर्शन त्याच्या ९३ खाली, म्हणजे उणे ८ डीबी. शून्य डीबी म्हणजे तरुण निरोगी कानाला पूर्ण शांततेत जेमतेम ऐकू येईल अशी पातळी, हे त्याच्याही खाली, आणि वर ८५ डीबीचा स्फोट चालू असताना. एकेएमचं उणे २२. दोन्ही न ऐकू येणाऱ्या आवाजात कुठला जास्त न ऐकू येणारा, यासाठी हजारो रुपये मोजायचे का? शून्यावर नेऊन १०५ ला ऐकलं तरी टीआयचं डिस्टॉर्शन १२ डीबीवर येतं, आणि त्या हॉलमध्ये रात्री सगळं बंद केल्यावरही ३०-३५ डीबी असतातच, पंखा लावला की ४५ च्या पुढे. मे महिन्यात ठाण्यात पंखा किंवा एसी बंद करून सिनेमा बघणारं घर मला तरी माहीत नाही. शिवाय त्याच स्फोटात सबवूफर आणि स्पीकरचे कोन स्वतः एक टक्का आणि त्याहून जास्त डिस्टॉर्शन करत असतात, एक टक्का म्हणजे फक्त उणे ४०. त्यात ओटीटीवर येणारा आवाज डॉल्बी डिजिटल प्लसमध्ये दाबलेला, नेटफ्लिक्सवर ५.१ साठी जास्तीत जास्त ६४० केबीपीएस आणि ॲटमॉससाठी ७६८.

मित्राचं म्हणणं, "बरं, पण मोजलं तर दिसेल ना?" दिसेल, पण घरी नाही. सर्वसाधारण यूएसबी ऑडिओ इंटरफेसचं स्वतःचं डिस्टॉर्शनच उणे ९५-१०० च्या आसपास असतं, त्याच्याने उणे १०७ मोजणं म्हणजे फुटपट्टीने केसाची जाडी मोजण्यासारखं आहे. तेवढ्यासाठी लॅबचाच ॲनलायझर लागतो.

आता एचडीएमआय. इथे प्रकरण उलटं फिरलं, आणि हे सेकंडहँडवाल्याने काही सांगितलं नव्हतं. २०२० च्या ८के वाल्या पहिल्या एव्हीआरमध्ये, डेनॉन, मरांट्झ आणि यामाहा तिन्हींत, एचडीएमआय २.१ च्या चिपमध्ये दोष निघाला. एक्सबॉक्स सिरीज एक्स किंवा एनव्हिडियाचं आरटीएक्स ३० सिरीजचं कार्ड लावून ४के १२० हर्ट्झ पाठवलं की स्क्रीन काळी. प्लेस्टेशन ५ वेगळ्या डेटा रेटवर चालतो म्हणून तो वाचला. २०२१ मध्ये डेनॉन-मरांट्झकडून गिऱ्हाइकांना बाहेरून लावायची एक छोटी ॲडॉप्टर पेटी दिली गेली, आणि पुढच्या उत्पादनात दोष दुरुस्त झाला. म्हणजे ज्या लॉटमध्ये डॅक चांगला त्याच लॉटमध्ये एचडीएमआय अधू, आणि ज्या लॉटमध्ये टीआयचा डॅक त्यात एचडीएमआय ठीक. आणि मित्राच्या घरी एक्सबॉक्स सिरीज एक्स आहे, त्याचा मुलगा दहावीत असला तरी रविवारी तो आणि त्याचे दोस्त त्यावरच असतात.

यावर पळवाट आहे, ती मी तपासली. एक्सबॉक्स थेट टीव्हीला जोडायचा आणि आवाज ईएआरसीने (टीव्हीचा आवाज एचडीएमआय केबलनेच उलटा पाठवायची सोय) एव्हीआरकडे आणायचा. चालतं. पण त्याच्या टीव्हीला पूर्ण वेगाचे एचडीएमआय पोर्ट दोनच आणि त्यातलाच एक ईएआरसीचा, म्हणजे एक एव्हीआरला आणि एक एक्सबॉक्सला दिला की उद्या पीसी लावायला जागा नाही. ॲडॉप्टर पेटी त्या सेकंडहँड मालकाने कधी मागवलीच नव्हती. मुलाला विचारलं तर तो म्हणाला, "काका, मला १२० पाहिजे, बाकी तुम्ही बघा." त्याची मागणी मला सगळ्यात स्पष्ट वाटली, कारण ६० आणि १२० मधला फरक डोळ्याला दिसतो.

इथपर्यंत आल्यावर मित्राने तिसराच पर्याय काढला, मग वेगळा प्रोसेसर आणि वेगळा पॉवर ॲम्प घेऊ का, आयुष्यात एकदाच करायचं तर. वेगळ्या प्रोसेसरचे खरे फायदे आहेत. एक्सएलआर बॅलन्स्ड आउटपुट, त्यामुळे ॲम्प लांब ठेवला तरी हम (विजेची गुणगुण) शिरत नाही, ४ व्होल्टपर्यंत क्लिप न होता मोकळी जागा, आणि ट्रान्सफॉर्मरची उष्णता दुसऱ्या डब्यात. मोठी खोली असेल, ४ ओहमचे अवघड स्पीकर असतील, अकरा-तेरा चॅनल असतील तर मीही तेच सांगेन. पण साडेतीन वॉट लागणाऱ्या हॉलला नाही. आणि महागडे प्रोसेसर मोजमापात आपोआप वर असतात असंही नाही, त्यातले काही चांगल्या एव्हीआरच्याही खाली मोजले गेलेत.

पॉवरच्या आकड्याबद्दल थोडंच. १०५ वॉट हे दोन चॅनल चालू असतानाचं, नऊही चॅनल एकदम पिळले तर प्रत्येकी बरंच कमी मिळतं. अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशनने ॲम्पच्या वॉटच्या जाहिरातींवर १९७४ मध्येच नियम आणला, पुढे २०२४ मध्ये त्यात सुधारणा करून मोजायची पद्धत एकसारखी करून घेतली. आपल्याकडे डब्यावर १ किलोहर्ट्झ, ६ ओहम, १० टक्के डिस्टॉर्शन अशा अटी बारीक अक्षरात टाकून मोठा आकडा छापलेला सर्रास दिसतो, त्यामुळे आकड्याशेजारी ८ ओहम आणि २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ लिहिलंय का एवढं आधी बघायचं. १०५ आणि १४० वॉटमधला फरक सव्वा डीबी. विषय संपला.

मग मी मित्राला म्हटलं, घ्यायच्या आधी तुझ्या जुन्या एव्हीआरवरच खोली मोजू. यूमिक मायक्रोफोन आणि आरईडब्ल्यू नावाचं फुकट सॉफ्टवेअर, बस. सब म्हणजे सबवूफर पुढच्या डाव्या कोपऱ्यात होता, टीव्ही युनिटच्या बाजूला, सुताराने ठेवलेल्या जागेत. माइक सोफ्यावर कानाच्या उंचीला, आधी मधल्या सीटवर, मग दोन्ही कडांना.

जे दिसलं ते खोलीच्या मापावरून आधीच सांगता आलं असतं. मोड म्हणजे दोन भिंतींमध्ये घुमून कुठे फुगणारी, कुठे दबणारी फ्रिक्वेन्सी; ५.२ मीटर लांबीचा पहिला मोड ३३ हर्ट्झ, ३.३५ रुंदीचा ५१ हर्ट्झ, उंचीचा ६० च्या आसपास. सोफा मागच्या भिंतीला चिकटलेला, म्हणून ३३ वर तिन्ही सीटना डोंगर. ५१ च्या आसपास मात्र गंमत, मधल्या सीटवर खड्डा आणि कडेच्या सीटवर तिथेच फुगवटा, दोन्हीत दहा डीबीहून जास्त तफावत, एकाच सोफ्यावर, दोन फुटांवर. दहा डीबी म्हणजे बास दुप्पट मोठा किंवा अर्धा झाल्यासारखा वाटतो. हे कुठल्याही सिनॅडच्या तक्त्यात येत नाही आणि घरातल्या प्रत्येकाला ऐकू येतं, वहिनींनी तर मोजायच्या आधीच सांगितलेलं की माझ्या बाजूला फार घुमतं. त्यांचा कान मायक्रोफोनशी जुळला.

रूम करेक्शनने, म्हणजे खोली मोजून आवाज आपोआप सुधारण्याच्या सोयीने, हे किती सुटेल, तर अर्धं. एक्स३७००एच मध्ये ऑडिसीचं मल्टईक्यू एक्सटी३२ आहे. ३३ चा डोंगर तिन्ही सीटवर सारखा आहे, तो ईक्यू (फ्रिक्वेन्सीप्रमाणे आवाज कमी-जास्त करणं) सहज कापतो. ५१ चं एकाला खड्डा एकाला फुगवटा हे कुठलंच ईक्यू सोडवू शकत नाही, मधल्यासाठी वाढवलं की कडेचा आणखी घुमणार. त्याला उपाय जागेचा. हरमनच्या टॉड वेल्टी यांनी २००२ मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीसमोर मांडलेलं काम याच प्रश्नावर आहे, किती सब आणि कुठे, आणि त्यातलं समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर दोन सब हे आजही चालणारं उत्तर आहे. मित्राच्या एका बाजूच्या भिंतीच्या मध्यावर बाल्कनीचं दार, त्यामुळे दुसरा सब पुढच्या उजव्या कोपऱ्यात, पहिल्याच्या आरशातल्या प्रतिबिंबासारखा बरोबर समोर. रुंदीच्या पहिल्या मोडला डावी आणि उजवी भिंत विरुद्ध फेजमध्ये असते, दोन्हीकडून सारखा जोर दिला की तो मोड उठतच नाही. एक्सटी३२ दोन्ही सबची लेव्हल आणि अंतर वेगळं मोजून मग एकत्र ईक्यू करतं, त्यासाठी ते उपयोगी.

ऑडिसीबद्दल मोजमापाच्या बाजूने अजून एक. ते चालू केलं की ९६ किंवा १९२ किलोहर्ट्झचा ऑडिओ सुद्धा आत ४८ वर आणून प्रोसेस होतो. म्हणजे हाय-रेझच्या फाइल लावून डॅकच्या आकड्यावर वाद घालणारे बरेच जण प्रत्यक्षात ४८ च ऐकत असतात, आणि त्यात काही बिघडत नाही. त्याच्या रेफरन्स कर्व्हमध्ये २ किलोहर्ट्झच्या आसपास मुद्दाम एक खळगा दिलेला असतो, तो मोबाइल ॲपमधून बंद करता येतो. आम्ही बंद केला, संवाद जरा पुढे आले. हा फरक काही डीबीचा आणि बरोबर माणसाच्या आवाजाच्या पट्ट्यातला, तो ऐकू आला नाही तरच नवल.

निर्णय झाला तो नव्या पीसचा. वॉरंटी पक्की, एचडीएमआय ठीक, डॅक टीआयचा. सेकंडहँडवाल्याला शेवटपर्यंत हे पटलं नाही, त्याच्या दृष्टीने आम्ही खरा हिरा सोडला. त्याच्या बाजूने न्यायाने एवढं म्हणेन की एके४४५८ ही चिप म्हणून सरस आहे, आणि घरी प्लेस्टेशनच असता आणि भाव वाजवी असता तर तो पीस घ्यायला मी ना म्हटलं नसतं.

दुकानात पीस ताब्यात घेताना बॉक्स तिथेच उघडायला लावला. बॉक्सवरची आणि मागच्या लेबलवरची माहिती जुळवली, स्पीकर लावून नेहमीच्या व्हॉल्यूमवर काहीही न वाजवता कान ट्वीटरला टेकवून हिस ऐकली, एका हाताच्या अंतरावर गेली. मग सगळे एचडीएमआय इनपुट एकेक करून, मागचे प्री-आउट, कॅलिब्रेशन माइकचं सॉकेट. दुकानदार म्हणाला, "साहेब, एवढं कोणी बघत नाही." बघावं. सेकंडहँड घेत असाल तर अर्धा तास जोरात चालवून झाकणावर हात ठेवून बघायचा, प्रोटेक्शन रिले (धोका दिसला की स्पीकर तोडणारा स्विच) मध्येच टिकटिक करतो का ते ऐकायचं, हे चिपच्या नंबरापेक्षा जास्त सांगून जातं.

घरी लावल्यावर पहिल्याच संध्याकाळी हम आली, पण एव्हीआरची नाही. डिशच्या सेट-टॉप बॉक्सची कोॲक्स काढली की बंद, लावली की चालू, सरळ ग्राउंड लूप, म्हणजे दोन वेगळ्या अर्थिंगमधून फिरणारा करंट. बॉक्स आणि एव्हीआर एकाच पॉवर स्ट्रिपवर घेतले, गच्चीवरून येणाऱ्या केबलचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून नीट करून घेतलं, गेली. ती हम माझ्या अंदाजाने सोफ्यावर सहज ३० डीबीच्या वर असेल, म्हणजे दोन डॅकमधल्या त्या फरकाच्या कितीतरी वर. टीव्ही युनिटच्या खणाला मागून पाठ होती ती सुताराला सांगून कापून काढली, वर चार बोटं जागा सोडली, कारण क्लास एबी ॲम्प बंद खणात तापतो आणि तापला की मोजमापातल्या वॉटच्या आधी प्रोटेक्शन येतं.

दुसरा सब पहिल्याच्याच मॉडेलचा घेतला. सोफा भिंतीपासून दीड फूट पुढे ओढला, वहिनींना आधी ते मान्य नव्हतं, मग मागे शेल्फ करून मिळाल्यावर झालं. पुन्हा मोजलं तेव्हा ५१ च्या आसपास तिन्ही सीटच्या रेषा जवळजवळ एकावर एक बसल्या, ३३ चा डोंगर ऑडिसीने कापला, ६० जवळ एक छोटा खळगा राहिलाय तो छताच्या उंचीचा, त्याला हात लावला नाही. एक्सबॉक्स एव्हीआरमधून ४के १२० वर चालू आहे.

बाहेरचा ॲम्प घ्यायचा का हा प्रश्न मित्राने उघडा ठेवलाय. त्याला सांगितलंय की उणे १० च्या वर नेहमी ऐकायला लागलास किंवा ४ ओहमचे स्पीकर आणलेस तर बोलू, आणि तेव्हा मेनूत जाऊन प्रीॲम्प्लिफायर मोड लावायला विसरू नकोस.